हार्वेस्टला मुलांचे खेळ ठेवताय? मग आधी मुलांना बाजूला बसवा

सलाम मंडळी! यंदा चर्चच्या हार्वेस्टला, म्हणजे पीक हाती आल्यावर देवाचे आभार मानायच्या हंगामाच्या सणाला, 'फन गेम्स' बघायची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडलीय म्हणे. अभिनंदन. म्हणजे मागच्या मिटिंगला तुम्ही एकतर गैरहजर होता नाहीतर हजर राहून उगाच मान हलवलीत. मी आमच्या इकडं, सांगली भागातल्या एका मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये), हे काम तीन वर्षं केलंय, तेव्हा अनुभवाचे चार शब्द फुकटात घ्या.

सगळ्यात आधी कमिटी नेमा. खेळ सात ते बारा वयाच्या पोरांचे आहेत, त्यामुळं कमिटीत पन्नाशीच्या आतलं कुणी येणार नाही याची काळजी घ्यायची. मंडळीचा कारभार बघणारे दोन पंच, सेक्रेटरी, महिला मंडळाच्या बाई, आणि शब्बाथशाळेची (चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गाची) एक टीचर, जी मिटिंगमध्ये काही बोलणार नाही पण शेवटी सगळं तीच करणार. पोरांना काय आवडतं ते पोरांना विचारायचं नाही. विचारलं की ती सांगतात, मग पंचाईत होते.

दुसरं म्हणजे आयडिया अमेरिकेतून घ्या. तिकडं 'फॉल फेस्टिवल' म्हणून प्रकार असतो, ऑक्टोबरच्या शेवटी 31 तारखेला हॅलोविन येतो आणि पोरं भुताखेतांचे मुखवटे घालून दारोदार चॉकलेटं मागत फिरतात, त्याच्याऐवजी बरीच चर्चं आपल्याच आवारात पोरांना बोलवून खेळ आणि खाऊ देतात. तिकडं ते शोभतं. थंडी लागायला लागलेली असते, झाडांची पानं लाल-पिवळी होऊन गळत असतात, मका निघालेला असतो, भोपळ्यांचे ढीग लागलेले असतात. आपल्याकडं त्याच वेळी सकाळी ऑक्टोबर हीट आणि संध्याकाळी परतीचा पाऊस, पानगळ यायची ती शिशिरात. पण अडचण आली म्हणून थांबेल ती कमिटी कसली. आमच्या टीचरनं दोन रात्री जागून नारिंगी कार्डशीटची पानं कापली आणि आदल्या संध्याकाळी पायऱ्यांवर पसरली, वर हिरवागार कडुलिंब उभाच होता. सकाळी झाडलोट करणाऱ्या मामांनी नेहमीसारखा झाडू मारला आणि सगळा शरद ऋतू एका घमेल्यात भरून मागं नेऊन पेटवला. मामांची काय चूक, त्यांना वाटलं पोरांनी घाण केली.

मग डिकीचा खेळ. अमेरिकेत याला 'ट्रंक ऑर ट्रीट' म्हणतात, लोक गाड्या ओळीनं लावून डिक्या सजवतात आणि पोरं एकेका डिकीपाशी जाऊन खाऊ घेतात. आमच्या सेक्रेटरींना हे फारच आवडलं. मंडळीत गाड्या पाच. त्यातल्या दोन सीएनजीवर, म्हणजे डिकीत टाकी. तिसरीच्या डिकीत कॅटरिंगची पातेली होती, चौथी 'नवीन आहे, पोरं ओरखडे काढतील' म्हणून आलीच नाही, आणि पाचवी पाळकसाहेबांना आणायला गेली होती. राहिल्या ॲक्टिवा. तर अकरा ॲक्टिवा ओळीत, सीटा वर केलेल्या, आणि पोरं शिस्तीत रांगेनं एकेका सीटखाली वाकून बघतायत. एकीत ओला रेनकोट आणि त्याच्याखाली चार लिमलेटच्या गोळ्या, दुसरीत पीयूसी, फडकं आणि राजगिऱ्याची वडी. एका पोरानं प्रामाणिकपणे पाना उचलून आणला आणि विचारलं, 'सर, हे पण बक्षीस आहे का?' तुम्ही जरूर ठेवा हा खेळ. निदान कुणाच्या पीयूसीची मुदत संपलीय ते तरी कळतं.

मक्याच्या शेतात वाटा काढून भुलभुलैया करायची पण आयडिया आली होती. आपल्याकडं मका नाही तर ऊस आहे की, असं एक पंच म्हणाले. ते शिराळ्याकडचे, त्यामुळं पुढचं वाक्य त्यांनीच गिळलं, कारण तिकडं उसात कोण बसलेलं असतं ते शेंबडं पोरपण सांगेल आणि त्याला पट्टे नाही, ठिपके असतात.

टबातली सफरचंदं तोंडानं उचलायचा खेळ मात्र झाला. सफरचंदात साधारण चौथा हिस्सा हवाच असते म्हणून ते तरंगतं, ही माहिती सेक्रेटरींनी माईकवरून दिली, दोनदा दिली. तोवर पहिल्याच पोराला शिंक आली आणि सगळ्या आयांनी आपापली पोरं मागं ओढली. भोपळ्याला तोंड कोरायचं की नाही यावर पाऊण तास वाद झाला, ते सैतानी आहे असं एका बाजूचं म्हणणं, आणि एवढ्या चांगल्या डांगराची भाजी होईल असं दुसऱ्या बाजूचं. शेवटी स्केचपेननं हसरा चेहरा काढून तो लिलावात ठेवला.

आता वेळेचं नियोजन, हे नीट लक्षात घ्या. पत्रिकेवर 'मुलांसाठी खेळ, दुपारी 4' असं छापायचं आणि चारला भाषणं सुरू करायची. आमच्या भागात भाषण 1894 पासून सुरू होतं, त्या साली मिशनरी डॉक्टर वॉनलेससाहेबांनी मिरजेत हॉस्पिटल काढलं. तिथून हळूहळू पुढं यायचं. 1970 ला सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन होईपर्यंत पुढच्या रांगेतली बारकी पोरं झोपलेली असतात आणि मोठी पोरं शेजाऱ्याच्या बुटाच्या लेस एकमेकांना बांधत असतात (दिवसभरातला हा एकमेव तीन पायांचा खेळ). मग अंधार पडायच्या आत वीस मिनिटांत संगीत खुर्ची, पोत्याची शर्यत आणि लिंबू-चमचा एकदमच उरकायचं, एकाच अंगणात. लिंबूवाल्या पोराला पोत्यातलं पोर धडकतं आणि दोघंही खुर्च्यांत जाऊन पडतात. विजेता कोण हे विचारायचं नाही, बक्षिसं आधीच नावं घालून पॅक केलेली असतात.

आणि तंबोला? छे, छे. तो जुगार. देवाच्या आवारात पैसे लावून खेळायचं म्हणजे काय. म्हणून आपण लिलाव घेतो.

लिलाव हा हार्वेस्टचा खरा खेळ आहे आणि त्यात वयाची अट नाही, ऐपतीची आहे. लोकांनी अर्पण म्हणून आणलेलं एकेक उचलायचं आणि बोली लावायची. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये, आणि तो मिळवायला ओलावा बारा टक्क्यांच्या आत दाखवता दाखवता आमच्या शेतकऱ्यांची दमछाक होते, पण इथं किलोभर सोयाबीनची पिशवी एकवीसशेला गेली आणि ओलावा कुणी मोजला नाही. कारण दोन चुलतभाऊ समोरासमोर बसले होते आणि बांधाचं भांडण कोर्टात होतं. स्केचपेनवालं डांगर पंधराशेला गेलं. एक वार, दोन वार, तीन वार, टाळ्या! तेवढ्यात बायबलातल्या गरीब विधवेनं दानात टाकलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे दोन चिल्लर नाण्यांवर, चार वाक्यं बोलायची, आणि लगेच पुढची बोली कमीत कमी पाचशेपासून धरायची. बोलीचे पैसे डायरीत लिहायचे. बोली ऑक्टोबरची, वसुली ईस्टरला, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे.

आमच्याकडं एक आक्का आहेत, दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातात. भुईमूग काढून झाल्यावर रानात ज्या शेंगा राहतात त्या वेचून, म्हणजे सरवा करून, त्यांनी एक पाटी आणली होती. धुतलेल्या नव्हत्या, लाल-काळी माती तशीच चिकटलेली, वरून जुन्या लुगड्याचा तुकडा झाकलेला. पाटी मागं राहिली. तिचा नंबर आला तेव्हा जेवणाचे टेबल लागले होते आणि बोली लावणारे सगळे मटणाच्या रांगेत. लिलाव पुकारणारे दोनदा ओरडले, कुणी बोललं नाही. आक्का भिंतीला टेकून पदर चावत उभ्या.

तेवढ्यात पोरांनी पाटी पायऱ्यांवर ओढली. पंधरा-वीस पोरं, कुणी दातानं फोडतंय, कुणी बोटानं, कच्च्या शेंगांचं दूध हनुवटीवर आलेलं, आणि मग टरफलात किती दाणे निघतात याच्यावर पैज सुरू झाली. दोनवाला हरला, तीनवाला जिंकला, चार निघाले की सगळे मिळून बोंब ठोकायची. आक्कांना मध्ये बसवून पंच केलं. लाईट जाऊन आले तरी कुणी उठलं नाही.

सेक्रेटरी डायरी घेऊन आले आणि विचारायला लागले, पावती कुणाच्या नावावर फाडू? डायरीत अजून तशीच नोंद आहे, 'शेंगा, पाटी एक, बोली नाही.' हिशोब जुळत नाही म्हणून ऑडिटला दोन मिटिंगा गेल्या. तेव्हा तुम्ही शहाणे असाल तर असल्या पाट्या आल्या आल्या आतल्या खोलीत ठेवा आणि कुलूप लावा. किल्ली कमिटीकडं.