एक जीएजी जास्त झालं होतं

‘मॉडेल आन्सरप्रमाणेच गुण द्यावेत, परस्पर निर्णय घेऊ नये.’ असा मेमो आज माझ्या हातात पडला. बारावीच्या जीवशास्त्राच्या सराव परीक्षेत मी एका मुलीला दोन गुण दिले, एवढाच माझा गुन्हा.

प्रश्न साधा होता. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकाचा तुकडा: सीसीटी जीएजी जीएजी एएजी. खाली बदललेला: सीसीटी जीटीजी जीएजी एएजी. उत्परिवर्तनाचा, म्हणजे जनुकातल्या बदलाचा प्रकार ओळखा. तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द, आणि शब्दागणिक साखळीत एक अमिनो आम्ल. एका ए च्या जागी टी आला, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन बसलं. एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरं, म्हणजे मिससेन्स; आणि त्यातून होणारा रक्ताचा आजार सिकलसेल. आमच्या विदर्भात हा आजार पुस्तकातून शिकावा लागत नाही.

छापून आलं तेव्हा वरच्या ओळीत जीएजी एकदाच! प्रूफ परीक्षा समितीनं पाहिलं होतं. मला दाखवलं नाही, गोपनीयता म्हणे.

डीटीपीवाल्या दादांना दुकानात जाऊन गाठलं.

“मॅडम, ते डबल झालं होतं ना! मी म्हटलं तुमच्या हातून दोनदा लिहिल्या गेलं, म्हणून एक काढून टाकलं.”

“अहो, ते दोनदाच असतं.”

“काहून पण?”

आता याला काय सांगणार! “सहावं ग्लुटामिक, सातवंही ग्लुटामिक. निसर्गानंच तसं ठेवलंय.”

“मग निसर्गानं प्रूफ पाहिलं नसंल,” असं म्हणून त्यांनी दोन चहा सांगितले.

मी पण हट्टी. त्यांच्याच रद्दी कागदावर लिहून दाखवलं. जीएजीचं जीएए झालं तरी ग्लुटामिकच. सायलेंट, कुणाला पत्ता लागत नाही. टीएजी झालं की साखळी तिथंच बंद, नॉनसेन्स. दुसऱ्या जीएजीतला नुसता ए उडवला असतात, तर पुढची सगळी अक्षरं सरकून ग्लुटामिक-लायसिनच्या जागी ग्लायसिन-सेरीन आलं असतं, फ्रेमशिफ्ट.

“म्हणजे मी तीनच्या तीन नेले ते बरंच केलं! अर्धवट काम आपण करतच नाही.”

“दादा, सिस्टिक फायब्रोसिस नावाच्या आनुवंशिक आजारात बहुतेकदा तीनच अक्षरं गळतात. ५०८वं अमिनो आम्ल, फेनिलॲलनिन, जातं आणि फुप्फुसाची वाट लागते.”

दादा गंभीर झाले. “मागं एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या आजोबाचं नावच गाळल्या गेलं होतं. तरी लग्न लागलं, मॅडम. तुम्ही उगाच टेन्शन घेऊन राहिल्या.” मागं उभा असलेला झेरॉक्सचा गिऱ्हाईकही मान डोलावत होता. त्याला काय कळलं होतं, देव जाणे.

दादांचा राग मी चहासोबत गिळला. वर्गाचा मात्र गिळवत नाही. जवळजवळ सगळ्यांनी ‘मिससेन्स, सिकलसेल’ लिहिलं. जीटीजी दिसलं की पेन आपोआप धावतं. वरची ओळ तीन अक्षरांनी आखूड आहे, हे बघायला सवड कुणाला? कोचिंगवाल्यांनी घोटून घेतलेलं. एका मुलीनं मात्र दोन्ही ओळी एकाखाली एक मांडल्या, जीटीजीवर रिकामा चौकोन सोडला आणि लिहिलं: ‘तीन अक्षरांचं इन्सर्शन, फ्रेम शाबूत, एक व्हॅलीन जास्त.’ म्हणजे मध्ये तीन अक्षरं जादा घुसली, पण पुढचे शब्द सरकले नाहीत. पेपरात जे होतं त्याचं अगदी बरोबर उत्तर.

“म्हणजे सगळी मुलं चुकली आणि ही एकटीच बरोबर?” समितीचे सर हसत म्हणाले. सर अकाउंट्स शिकवतात.

“हो.”

“मॉडेल आन्सरमध्ये इन्सर्शन कुठंय?”

१९५६ साली व्हर्नन इन्ग्रॅमनं केंब्रिजमध्ये निरोगी आणि सिकलसेल अशा दोन्ही हिमोग्लोबिनांचे तुकडे कागदावर पसरवले आणि एकच तुकडा वेगळ्या जागी गेलेला पाहिला. त्याच्या डोक्यावर आमची समिती नव्हती, हे त्याचं नशीब. मी मुलीचे गुण बदललेले नाहीत. लेखी खुलासा उद्या द्यायचाय.

छपाईचं बिलही सहीसाठी माझ्याकडेच पाठवलंय. टायपिंगच्या खाली वेगळी ओळ आहे: करेक्शन, ३० रुपये.