स्नायूंच्या आजारात भूल घेऊच नये?

‘स्नायूंचा आजार असेल तर पूर्ण भूल घेऊ नका, माणूस उठत नाही. घ्यायचीच तर कमरेतून घ्या, तिला धोका नाही. आणि एकदा शुद्धीवर आलात की सुटलात.’ हा मेसेज सगळीकडे फिरतोय. तो वाचून लोक गरजेचं ऑपरेशन टाळतात, म्हणून एका भूलतज्ज्ञाचं हे उत्तर.

‘पूर्ण भूल नको.’ ही भीती हवेतून आलेली नाही. डुशेन म्हणजे मुलांचे स्नायू हळूहळू झिजवणारा आनुवंशिक आजार. अशा मुलाला सक्सिनिलकोलिन हे स्नायू सैल करणारं औषध दिलं तर स्नायूंमधलं पोटॅशियम रक्तात उतरून हृदय थांबू शकतं. श्वासावाटे दिलेल्या भुलीच्या वायूंनीही त्याचे स्नायू विरघळू शकतात. म्हणून आम्ही दोन्ही टाळतो आणि शिरेतून प्रोपोफॉल हे भुलीचं औषध देतो. मायस्थेनियाचं, म्हणजे नसांचा संदेश स्नायूंपर्यंत नीट न पोचण्याच्या आजाराचं, गणित वेगळं. तिथे वायू चालतात, सक्सिनिलकोलिन नेहमीच्या मात्रेत कमी पडतं, तर रोक्युरोनियम हे स्नायू सैल करणारं दुसरं औषध थोडंसंही फार होतं. फाईलवर नुसतं ‘स्नायूंचा आजार’ लिहिलेलं असेल तर मला काहीच कळत नाही. आजाराचं नेमकं नाव हवं.

‘माणूस उठत नाही.’ स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल किती उरलाय, हे मोजता येतं. मनगटाजवळच्या नसेला विजेचे चार हलके झटके देतात आणि अंगठा चार वेळा हलतो. चौथी हालचाल पहिलीच्या निदान 90 टक्के झाल्याशिवाय घशातली नळी काढायची नाही. मायस्थेनियात मुळातच चौथी हालचाल मंद असू शकते, म्हणून औषध देण्याआधीच एकदा मोजून ठेवायचं. रोक्युरोनियमचा अंमल उतरवायला सुगामाडेक्स आहे.

‘कमरेतून बिनधोक.’ बऱ्याचदा ती उत्तम निवड असते, हे खरं. पण भूल वर चढली तर छातीचे स्नायू ढिले पडतात, आणि यांच्याकडे श्वासाची शिल्लक आधीच कमी. पाठीचा कणा वाकडा असेल तर सुई घालणंही अवघड.

‘शुद्धीवर आलात की सुटलात.’ मला सगळ्यात घातक वाटतं ते हेच वाक्य. पेशंट बोलतोय, मास्कमधून ऑक्सिजन चालू आहे, बोटावरचं यंत्र 98 दाखवतंय. आणि तरीही उथळ श्वासामुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असतो. खोकला दुबळा, कफ सुटत नाही. म्हणून फुप्फुसांची क्षमता अपेक्षेच्या 50 टक्क्यांहून कमी असेल तर ऑपरेशनआधीच बायपॅपची, म्हणजे मास्कमधून श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राची, सवय करून घ्यावी, म्हणजे नळी काढल्यावर लगेच तो लावता येतो.

एक गोष्ट मात्र त्या मेसेजमध्ये नाहीच: निदानच न झालेलं मूल. मुलगा उशिरा चालायला लागला असेल, पोटऱ्या जाड दिसत असतील, उठताना मांड्यांवर हात टेकत असेल, तर ऑपरेशन कितीही किरकोळ असो, भूलतज्ज्ञाला हे आधी सांगा.