सोडा, सरबत आणि छातीतला ‘वारो’

“ह्यां ईख माका नको रे,” (ईख म्हणजे विष) असं म्हणत आतेने हातातला ग्लास परत ट्रेमध्ये ठेवला आणि गेल्या रविवारी आमच्या खळ्यात वादाला तोंड फुटलं.

मे महिना. मुंबईची सगळी मंडळी वेंगुर्ल्याला आलेली. पुतण्याने कोलाच्या दोन मोठ्या बाटल्या आणल्या होत्या. आते म्हणाली, त्याने हाडं झिजतात. चुलतभाऊ म्हणाला, दात रात्रभर त्यात बुडवून ठेवला तर सकाळी शिल्लक राहत नाही. वहिनीचं म्हणणं, रंगीत बाटल्या वाईट असतील, पण जेवणानंतर साधा सोडा घेतल्याशिवाय मला अन्नच पचत नाही. जिमला जाणाऱ्या पुतण्याने स्वतःसाठी वेगळा कॅन आणला होता, ‘यात साखर शून्य’ म्हणून. धाकटे काका म्हणाले, आमचे आजे विडी ओढून नव्वद वर्षं जगले, काय घेऊन बसलात. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी सोडेवाल्याचा मुलगा आणि आजही बाजारात माझं कोल्ड्रिंकचं दुकान आहे. तेवढ्यात पानं मांडली गेली आणि माझं बोलणं राहिलं. ते इथे लिहितो. लांबेल, पण वाचा.

आमच्या वडिलांचं गोटीसोड्याचं मशीन होतं. लोखंडी चौकट, तिच्यात बाटल्या बसवायच्या, गॅसच्या नळकांड्याची नळी जोडायची आणि हँडल मारून चौकट गरगर फिरवायची. बाटली उलटी झाली की आतली काचेची गोटी गळ्याशी यायची आणि गॅसच्या दाबाने रबरी वायसरवर अशी घट्ट बसायची की बाटली सुलटी केली तरी हलायची नाही. बूच नाही, झाकण नाही, आतला दाबच बाटली बंद ठेवतो. ही युक्ती हायरम कॉड नावाच्या इंग्रजाची, पेटंट १८७२ सालचं. बाटलीच्या गळ्याला आतून दोन खोबण्या असतात. पिताना बाटली नीट धरली तर गोटी तिथे अडकते आणि तोंडाशी येत नाही. आम्हा पोरांना चालायच्या आधी हे कळत होतं असं आई म्हणायची. बाबा हाताला गोणपाट गुंडाळून काम करायचे, कारण एखादी बाटली तडकलेली निघाली तर सुतळी बॉम्बसारखी फुटायची. त्यांच्या उजव्या मनगटावर काचेचा लांब वण होता. पाणी विहिरीचं, पण रोज पहाटे उकळून, निववून, दुहेरी फडक्यातून गाळलेलं. “गॅस मारल्याने घाण पाणी चांगला होणा नाय,” हे त्यांचं वाक्य मी हजारदा ऐकलंय.

म्हणून सोड्याला कुणी सरसकट विष म्हटलं की मला लागतं. साधा सोडा म्हणजे पाणी आणि त्यात दाबाने विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड. जोसेफ प्रीस्टलीने १७६७ मध्ये लीड्समधल्या दारूभट्टीत, आंबणाऱ्या पिंपावर पाणी धरून पहिल्यांदा असं पाणी केलं. हा वायू पाण्यात सौम्य आम्ल तयार करतो, जिभेला चुरचुर लागते, ढेकर येतो. फेसाचं प्रकरण एवढंच. त्याने हाडं झिजत नाहीत. अमेरिकेत फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात २००६ साली दिसलं की रोज कोला पिणाऱ्या बायकांच्या खुब्याच्या हाडाची घनता कमी होती. पण त्याच अभ्यासात इतर फेसाळ पेयांचा तसा संबंध दिसला नाही. म्हणजे आते कोलाबद्दल बोलत असेल तर तिच्या बोलण्यात तथ्य आहे, सोड्याबद्दल बोलत असेल तर नाही.

दाताची गोष्टही अर्धी खरी. एका रात्रीत दात नाहीसा होत नाही. पण दाताचं वरचं कवच साडेपाचच्या खालच्या पीएचला (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) विरघळायला लागतं आणि कोलाचा पीएच अडीचच्या आसपास असतो. जेवताना एक ग्लास प्यायलात तर लाळ सावरून घेते. बाटली गाडीत ठेवून मुंबई-गोवा हायवेभर घोट घोट घेत आलात तर तिला सवडच मिळत नाही. आणि पिऊन लगेच दात घासू नका, मऊ झालेलं कवच ब्रशने निघतं. लिंबू आणि कोकमालाही हेच लागू.

आता साखर. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, १०० मिलीला १०-११ ग्रॅम लिहिलेलं असतं. म्हणजे ३०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या वर, सात-आठ चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, पाच टक्क्यांच्या आत ठेवलीत तर अधिक चांगलं. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम. एक बाटली प्यायली की दिवसाचा कोटा संपून वर उधारी. माझ्या दुकानात दहावीतली पोरं क्लासला जाताना एक आणि येताना एक घेतात. मी विकतो. त्या पैशावर माझं घर चालतं आणि मला ते खुपतंही. गेल्या वर्षापासून मी मोठ्या बाटल्या मागच्या कप्प्यात ठेवल्यात आणि पाणी, शहाळी, साधा सोडा पुढे आणलाय. विक्रीत थोडा फरक पडलाय, फार नाही.

पण खरं बोलायचंय ते पुढे, आणि त्यावर माझेच लोक रागावणार आहेत.

ज्या आतेने कोलाला ईख म्हटलं, तिने त्याच बैठकीत कोकम सरबताचे दोन ग्लास प्यायले. तिला बारा वर्षं डायबेटिस आहे. “आपला घरचा आसा, पित्तार बरां.” आपल्याकडे अमृत कोकम कसं होतं हे सगळ्यांना माहीत आहे. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया काढायच्या, सालीच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवायची. एक किलो सालीला दोन किलो साखर. माझी बायको दरवर्षी करते आणि विकते, त्यामुळे मोजमाप माझ्यासमोर होतं. बाजारातल्या चांगल्या सिरपमध्येही साखरेचं प्रमाण त्याच घरातलं. एका ग्लासात तीन मोठे चमचे पाक घातला की ३० ग्रॅमहून जास्त साखर गेली. कोलाची बाटली आणि आपला ग्लास साखरेच्या हिशोबात शेजारी शेजारी बसतात.

दोन्ही सारखेच असं मी म्हणत नाही. कोकमात फॉस्फोरिक आम्ल नाही, कॅफीन नाही, रंग फळाचाच आहे. पावसाच्या आधी रातांबे काढायला झाडावर चढणाऱ्या माणसाच्या हातात त्याचे पैसे जातात, आणि माझ्यासाठी ही लहान गोष्ट नाही. पण रक्तात गेल्यावर साखर कारखान्यातून आली की आपल्या बरणीतून, हे शरीर विचारत नाही. बायकोच्या बाटल्यांच्या लेबलवर ‘औषधी’ असा शब्द होता. मी तो काढायला सांगितला. दोन दिवस घरात अबोला होता. तिचं म्हणणं होतं, सगळेच लिहितात. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच नवीन लेबलं छापायला टाकली आणि त्यावर साखर किती तेही घातलं. मला तिचा अभिमान वाटतो.

आणि आपल्याकडे उपाय काय कमी आहेत? आगळ आहे. साखरेचा कण नसलेला, नुसता मीठ घातलेला कोकमाचा रस. तिवळ आहे, सोलकढी आहे. मी दुकानात अलीकडे हे देतो: उंच ग्लासात एक चमचा आगळ, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट, ठेचलेल्या मिरचीचा तुकडा, आणि वरून थंडगार साधा सोडा, कडेने हळू ओतायचा, नाहीतर सगळा फेस टेबलावर. रंग बघूनच पर्यटक मागतात. वेगळं मीठ घालायचं नाही, आगळात भरपूर असतं. रक्तदाब असेल तर आगळाऐवजी चार बिनमिठाची सोलं (कोकमाच्या सुक्या साली) पाण्यात भिजवून ते पाणी घ्या. लिंबू-सोडा ‘सॉल्टेड’ मागणाऱ्यांनाही हे सांगतो. माझ्याकडचा पोरगा चमचाभर मीठ घालायचा, ते आता बंद केलंय.

पुतण्याच्या शून्य साखरेबद्दल थोडं. २०२३ च्या जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अस्पार्टेमला, म्हणजे असल्या कॅनमधल्या बिनसाखरेच्या गोडीला, ‘कर्करोग होण्याची शक्यता’ या २बी गटात टाकलं आणि आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर हाहाकार उडाला. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा होती तीच ठेवली, किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला नऊहून जास्त कॅन लागतील. त्यामुळे डायबेटिस असलेल्या, कोला सुटतच नाही अशा माणसाने साखरेच्या बाटलीऐवजी हा कॅन घेतला तर मी अडवणार नाही. पण वजन उतरवायला असल्या गोडीचा आधार घेऊ नका, असंही त्याच संघटनेने त्याच वर्षी मे महिन्यात सांगितलंय. बाळा, तू बावीस वर्षांचा आहेस. दिवसाला तीन कॅन पितोस. तहान लागल्यावर तुला पाणी बेचव लागतं हे तू स्वतः कबूल केलंस. मला त्याची काळजी वाटते, कॅन्सरची नाही.

चुलतभावाने कीटकनाशकांचाही विषय काढला होता. २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने बाटलीबंद शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली आणि २००४ मध्ये तिने ते निष्कर्ष ग्राह्य धरले. मूळ प्रश्न पाण्याचा होता. बाबा हेच तर म्हणायचे.

किनाऱ्यावर मला पाण्याइतकीच भीती बर्फाची वाटते. आपल्याकडे बर्फाच्या फॅक्टऱ्या मासळीसाठी चालतात. होड्यांत भरायच्या लाद्या पिण्याच्या पाण्याच्या असतीलच असं नाही. म्हणून २०१८ पासून महाराष्ट्रात न खायचा बर्फ निळा रंगवायचा नियम आला. बीचवर गोळा किंवा सोडा घेताना बर्फ कुठला ते विचारा. पोटं बिघडतात ती बहुतेक तिथे, आणि नाव सोड्याचं होतं.

आता वहिनीचा सोडा, ‘पचायला’ लागणारा.

आपल्या भाषेत खायचा सोडाही सोडा आणि बाटलीतलाही सोडाच. घोटाळा तिथून सुरू होतो. पित्तावरच्या पुडीत खायचा सोडा असतो, तो पोटातल्या आम्लाला खरंच मारतो. बाटलीतल्या सोड्यात बहुधा नुसता वायू असतो. तो पोटात जातो, पोट ताणतं, ढेकर येतो आणि मोकळं वाटतं. आम्ल होतं तेवढंच राहतं. ज्यांना घशाशी येतं त्यांचं तर जास्तच वर येतं. जड जेवणावर कधीमधी घेतला तर बिघडत नाही. रोज लागत असेल तर वहिनी, डॉक्टरांना दाखव. सोडा तुझं दुखणं झाकतोय.

हे मी इतकं आवर्जून का सांगतो ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, पण त्यावर कुणी बोलत नाही.

आषाढातली रात्र होती, पंधरा वर्षं झाली. बाबा जेवून ओटीवर बसले होते. म्हणाले, “छातीत वारो धरलो हा, एक सोडो फोड रे.” मी फोडला. अंगठ्याने गोटी आत दाबल्याचा आवाज अजून कानात आहे. प्यायले, मोठा ढेकर दिला, म्हणाले, “आता बरां वाटला.” आम्ही झोपलो. दोन तासांनी आईने उठवलं तेव्हा बाबांचा सदरा घामाने भिजलेला होता आणि डावा हात उचलत नव्हता. शेजाऱ्याच्या गाडीतून गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात न्यायला निघालो. पाऊस असा की काचेतून रस्ता दिसत नव्हता. गोव्याची हद्द ओलांडायच्या आत बाबा गेले.

नंतर डॉक्टरांनी समजावलं की हृदयाची आणि पोटाची वेदना एकाच जागी जाणवू शकते. ढेकराने पोटाचा ताण उतरतो, म्हणून घटकाभर बरं वाटतं आणि माणूस निर्धास्त होतो. डायबेटिस असलेल्यांना आणि बायकांना तर कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसतं जळजळतं, उलटीसारखं होतं, दम लागतो. ते दोन तास आमच्या हातात होते. ढेकर आला नसता तर आम्ही कदाचित लगेच निघालो असतो.

म्हणून दुकानाच्या फ्रिजवर १०८ नंबर मोठ्या अक्षरांत रंगवलाय. चाळिशीपुढचा कुणी छाती चोळत सोडा मागायला आला की मी आधी विचारतो: घाम आला? हात, जबडा, पाठ दुखते? चालताना वाढतं? काही जण वैतागतात, दुकानदाराने पैसे घ्यावेत, चौकशा कशाला. गेल्या महिन्यात बंदरावरचे एक आजोबा असेच आले. कपाळावर घाम, हात छातीवर. मी बाटली फोडली नाही. ते चिडून शेजारच्या टपरीवर गेले. मी मागोमाग गेलो, टपरीवाल्यालाही देऊ दिली नाही आणि त्यांच्या मुलाला बोलावून घेतलं. दवाखान्यात ईसीजी काढला, सगळं ठीक निघालं. पित्तच होतं. चारचौघांत अपमान केला म्हणून आजोबांनी अजून माझ्या दुकानाची पायरी चढलेली नाही. चढतील तेव्हा पुन्हा विचारणार आहे.