घरकुलाची यादी लावा, पण खाते क्रमांक कशाला?

नमस्कार दादा,

घरकुलाच्या यादीवरचं माझं लिखाण तुम्हाला चांगलंच खटकलं. ‘सरकारी पैसा घेणाऱ्याला कसली आलीय प्रायव्हसी? यादी झाकली की सरपंचाचा भाचा कसा सापडणार?’ असं तुम्ही विचारलंत. माहिती अधिकाराची चळवळ जनसुनावणीतून, म्हणजे सरकारी कागद गावासमोर उघड वाचण्यातून, उभी राहिली, याचीही आठवण दिलीत.

यादी झाकावी असं माझं म्हणणं नाहीच. ती लागलीच पाहिजे. पण आमच्याकडे फलकावर काय लागलं होतं ते बघा. नाव आणि मंजूर रक्कम, ठीक. त्यापुढे बारा आकडी आधार, बँकेचा खाते क्रमांक, मोबाइल, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘विधवा’, ‘दिव्यांग’. संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. काही दिवसांत यादीतल्या एका मावशींना फोन आला, ‘तुमचा हप्ता अडकलाय, ओटीपी सांगा.’ खात्याचे आकडे समोरच्यानंच वाचून दाखवले, म्हणून त्यांना तो बँकेचाच माणूस वाटला. मुलगा घरात होता म्हणून पैसे वाचले.

आता जनसुनावणीचं. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं १९९४ पासून गावासमोर मस्टर, म्हणजे सरकारी कामावरच्या मजुरांचा हजेरीपट, वाचायला सुरुवात केली. वाचलं काय? नाव, कामाचे दिवस, मजुरी. मेलेल्या माणसांच्या हजेऱ्या तेवढ्यावर उघड्या पडल्या, कारण ऐकणारे त्या माणसांना ओळखत होते. आधार तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं.

भाचा पकडायलाही नाव, वस्ती, कोणत्या निकषात बसला, हप्ते कधी आणि किती मिळाले, एवढं पुरतं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या मूळ निकषानं सपाट भागात घराला १ लाख २० हजार मिळतात. ते घर उभं आहे का, हे कुणीही जाऊन बघू शकतं. पैसा भलत्याच खात्यात गेल्याचा संशय असेल तर सामाजिक अंकेक्षणात, म्हणजे गावकऱ्यांसमोर होणाऱ्या तपासणीत, कागद तपासता येतात. त्यासाठी खाते क्रमांक चव्हाट्यावर मांडायची गरज नाही.

माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ अनुदान योजनांचे लाभार्थी स्वतःहून जाहीर करायला सांगतं, आणि आधार कायद्याचं कलम २९(४) आधार क्रमांक जाहीर लावायला मनाई करतं. दोन्ही एकाच वेळी पाळता येतात. छापण्याआधी एक्सेलमधले चार रकाने काढून टाकायचे, बस. हा निष्काळजीपणा फक्त गावपातळीवरचा नाही. २०१७ मध्ये झारखंड सरकारच्या संकेतस्थळावर दहा लाखांहून जास्त पेन्शनधारकांचे आधार क्रमांक उघडे पडले होते.

प्रायव्हसीच्या नावाखाली माहिती झाकली जाईल, ही तुमची भीती मात्र पूर्ण खरी आहे, आणि तिथे मी तुमच्याच बाजूनं उभा आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं वैयक्तिक माहिती कधी नाकारता येते हे सांगणारं माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल लागू झाला. आधी नकार देताना या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा त्यानं खासगीपणावर नाहक अतिक्रमण होतं, असं कारण लागायचं. संसदेला किंवा विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, ही ओळही होती. ती गेली. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढं म्हटलं तरी अर्ज परत येऊ शकतो. काल ज्या कार्यालयानं मावशींचा खाते क्रमांक भिंतीवर चिकटवला, तेच उद्या ठेकेदाराची बिलं दाखवायला प्रायव्हसीचं कारण पुढे करेल. याचा मला मनापासून संताप येतो. कलम ८(२) अजून शाबूत आहे. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. म्हणून अर्जातच ते कलम घालून जनहित काय, ते चार ओळींत लिहीत चला.

पुढच्या ग्रामसभेत यादीत कोणते रकाने छापायचे याचा ठराव मांडतोय. नाव, वस्ती, निकष, हप्त्यांच्या तारखा आणि रक्कम, एवढे धरलेत. भाचे पकडण्याचा अनुभव तुमच्याकडे जास्त आहे, तेव्हा आणखी एखादा रकाना हवा असेल तर तो कशासाठी, ते कळवा. ठरावात घालतो.