कापूस अडकला नाही म्हणजे तार चांगली?

गेल्या महिन्याभरात हा मेसेज मला तिघांनी पाठवला. त्यातला एक माझा सख्खा भाचा. तो आणि त्याचे तीन मित्र मिळून मुंबईला एक जुनी 31 फुटी शिडाची यॉट बाळगून आहेत. मेसेज थोडक्यात असा: "डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा, म्हणजे स्टँडिंग रिगिंग, दर दहा वर्षांनी बदला हे तार विकणाऱ्यांनी सोडलेलं पिल्लू आहे. स्टेनलेस गंजत नाही. तारेवरून कापूस फिरवा, अडकला नाही तर तार ठणठणीत. पावसाळ्यात होडी जमिनीवर, एरवी नांगरावर, मग झीज होणार कशाची? दर्यावर्दी अभिलाष टॉमींच्या नव्या बोटीचीही डोलकाठी मोडलीच ना? एक साइज जाड तार लावा आणि विसरून जा."

बडोद्यात दांडिया बाजारात बसून हा समुद्राच्या गप्पा काय मारतो, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. इथल्या केमिकल कारखान्यांत तीसेक वर्षं मी इन्स्पेक्शन केलं. स्टेनलेस कधी आणि कुठे दगा देतं, हे शोधण्याचाच मला पगार मिळायचा.

तर पहिलं, "स्टेनलेस गंजत नाही." स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडची अतिशय पातळ साय असते, तीच त्याला वाचवते. ही साय खरचटली तर परत धरते, पण त्यासाठी ऑक्सिजन लागतो. आता डोलकाठीची तार कशी असते पाहा. बहुतेक वेळा 19 धाग्यांची, 316 ग्रेडच्या स्टेनलेसची, आणि तिचं खालचं टोक एका नळीत घालून ती नळी प्रचंड दाबाने आवळलेली. या आवळलेल्या टोकाला स्वेज म्हणतात. तारेवरून खारं पाणी ओघळत येतं आणि स्वेजच्या तोंडाशी आत मुरतं. पाणी उडून जातं, मीठ राहतं, दर फेरीला भर पडते. आत हवा नाही, क्लोराइड भरपूर, आणि आवळताना धातूत कोंडलेला ताण आधीपासून आहेच. या तिघांची गाठ पडली की धातूला तडा जाऊ शकतो, आमच्या धंद्यात त्यानेच झोप उडायची. कारखान्यात आम्ही साधारण 60 अंश सेल्सिअसच्या वरच्या गरम पाइपलाइनींना जास्त घाबरायचो. पण 1985 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी तरणतलावाचं काँक्रीटचं छत कोसळलं, 12 माणसं गेली. छत ज्या स्टेनलेसच्या सळ्यांवर टांगलेलं होतं त्या क्लोराइडमुळे तडकल्या होत्या. तिथे कसली उष्णता? तलावाची ऊब, तेवढीच.

कापसाची गोष्ट. युक्ती चांगली आहे, मी स्वतः करतो. तुटलेला धागा बाहेर आला असेल तर कापूस किंवा टिश्यू अडकतो, आणि तो अडकला की चर्चा संपली, ती तार उतरवायची. घोळ उलट बाजूने होतो. कापूस फिरतो तारेच्या मधल्या लांबीवर, आणि तार मधे क्वचितच जाते. ती जाते स्वेजच्या तोंडाशी किंवा आत.

मागच्या जूनमध्ये भाच्याची होडी पावसाळ्यासाठी वर काढली होती. मी गाडीत डाय पेनिट्रंटचे, म्हणजे बारीक तडा रंगाने दाखवणाऱ्या चाचणीचे, तीन डबे टाकून गेलो. चौघांनी आदल्या दिवशी सगळ्या तारांवर कापूस फिरवून सर्टिफिकेट दिलेलं होतं. डाव्या बाजूच्या खालच्या श्राउडचा, म्हणजे डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारेचा, स्वेज क्लीनरने पुसला, लाल डाय फवारला आणि वीस मिनिटं चहा प्यायलो. मग डाय फडक्याने टिपून घेतला, वरून पांढरा डेव्हलपर मारला. दोन मिनिटं काही नाही. भाचा हसायला लागला. आणि मग त्या पांढऱ्यावर नळीच्या तोंडापासून खाली एक लाल केस उमटला. उभा, नखाएवढा. हळूहळू जाड होत गेला, कारण आत शिरलेला डाय बाहेर पाझरत होता. कोणी काही बोललं नाही. एकाने मोबाइल काढून फोटो घेतला.

"नांगरावर झीज कशाची?" होडी नांगरावर शांत नसते. प्रत्येक लाटेला डोलकाठी झुलते, एका बाजूची तार ताणते, दुसरी सैल पडते. मीठ तर सुट्टी घेतच नाही. आणि होडी फिरवण्याचा हिशोब करा: मोसमात 30 रविवार, पाच-पाच तास, दर पाच सेकंदांना एक लाट. वर्षाला लाखभर झटके झाले. दहा वर्षांत दहा लाखांवर. 6 मिमीची तार साधारण 3 टनांना तुटते हे खरं, पण ते एकदाच ओढलं तर. कमी भार लाखो वेळा दिला तर ती कितीतरी आधी थकते. आपण साधी तार हाताने वाकवून-वाकवून तोडतो, ती काय टनांच्या जोरावर?

टॉमींचं उदाहरण ऐकून मात्र मला राग आला. सप्टेंबर 2018 मध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळात त्यांची बोट 'थुरिया' उलटली आणि डोलकाठी गेली. टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली, फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं. उलटून डोलकाठी पाण्यात आपटली की नवी तार काय आणि जुनी काय. त्यावरून तारेच्या वयाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

जाड तारेबद्दल एवढंच: 6 ऐवजी 7 मिमी म्हणजे छेद 36 टक्के वाढला, वजन तेवढंच वाढलं, आणि तेही उंचावर. खालची चेनप्लेट, म्हणजे तार जिला अडकवतात ती होडीतली पट्टी, तीच जुनी, जी डेकमधून आरपार जाते आणि नेमकी तिथेच सीलंटखाली कुजते. आधी तिच्याकडे बघा. डेकखाली तपकिरी ओघळ दिसला तर ती उपसून काढा.

राहिला दहाचा आकडा. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. दहाव्या वाढदिवसाला तार तुटते असं कुठलंही शास्त्र सांगत नाही. गोड्या तलावावरची हलकी होडी त्याहून जास्त काढेल, आपल्या किनाऱ्यावरची आधी जाईल. पण स्वेजच्या आत डोळा पोचत नाही. माझा डायसुद्धा पृष्ठभागापर्यंत उघडलेली तडच दाखवतो. जे तपासता येत नाही ते वयावर काढावं लागतं, म्हणून विमावालेही साधारण दहा वर्षांनंतर तपासणीचा कागद मागतात. घरची गॅसची सुरक्षा नळी आपण पाच वर्षांनी बदलतो, ती काय फुटल्यावर?

भाच्याने सप्टेंबरमध्ये तारा बदलल्या. बॅकस्टे, म्हणजे डोलकाठीला मागून धरणारी तार, मात्र ठेवली. ती आधीच्या मालकाने चार वर्षांपूर्वी घातली होती, फाइलमध्ये पावती सापडली, आणि डायमध्ये ती स्वच्छ निघाली. बाकीच्या तारांची पावती कुणाकडेच नव्हती.