संचालकांनी कर्ज वाटू नये, माणूस निवडावा

माझा आतेभाऊ यंदा आमच्या गावच्या नागरी सहकारी बँकेच्या निवडणुकीला उभा राहतोय. परवा फोनवर म्हणाला, "दादा, पॅनेल तगडं आहे, निवडून येऊ. पण एक सांग, तिकडे जर्मनीत बँकेचे संचालक करतात तरी काय?" त्याने सहज विचारलं होतं, पण मला रात्री झोप लागली नाही. ज्या बँकेत त्याच्या आईची, म्हणजे माझ्या आत्याची, पेन्शनची ठेव अडकली होती, ती बँकही आमच्याच तालुक्यातली. तिचेही संचालक निवडूनच आलेले होते.

गावाकडे सध्या वाद रंगतो तो संचालकांच्या मुदतीवर. १ ऑगस्ट २०२५ पासून सहकारी बँकेच्या संचालकाला सलग आठऐवजी दहा वर्षं राहता येतं. जुने कार्यकर्ते म्हणतात, सभासदांनी मतं देऊन निवडलेल्या माणसाला कायद्याने घरी बसवायचं कशाला? शहरातली शिकलेली मंडळी म्हणतात, दहा वर्षं तरी कशाला, पुढाऱ्यांना हाकला आणि बँक सरळ व्यावसायिकांच्या हातात द्या. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. संचालक किती वर्षं बसला यावर इतकं बोललं जातं, पण त्या वर्षांत त्याने मुख्य कार्यकारी अधिकारी कसा निवडला, हे कुणी विचारत नाही.

मी अकरा वर्षं जर्मनीत कोब्लेन्झ शहराजवळच्या एका छोट्या गावात राहतो. पलीकडे वेस्टरवाल्डच्या टेकड्या. फ्रीडरिष विल्हेल्म रायफायझेन याच टेकड्यांमधल्या गावांचा महापौर होता आणि १८६४ साली हेड्डेसडोर्फला त्याने शेतकऱ्यांची पतसंस्था उभी केली. मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन यांना युरोपातल्या पतसंस्थांचा अभ्यास करायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या अहवालातही रायफायझेनचाच नमुना होता. पुढे १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा आला. त्याआधी १८८९ मध्ये बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली होतीच. तेव्हा इथली सहकारी बँक ही आपल्या पतपेढीची थोरली भावकी आहे. परक्याचं उदाहरण देतोय असं मला वाटत नाही.

इथल्या बँकेचा मी सभासद आहे आणि गेली काही वर्षं प्रतिनिधी सभेत बसतो. पंधराशेहून जास्त सभासद असले की संस्थेला सर्वांच्या सभेऐवजी निवडलेल्या प्रतिनिधींची सभा घेता येते. आपल्या संचालक मंडळासारखं इथे निवडलेलं देखरेख मंडळ असतं. त्यावर कोण आहे? सुतारकामाचा कारखाना चालवणाऱ्या एक बाई अध्यक्ष आहेत. शिवाय एक द्राक्षबागायतदार, एक बेकरीवाले, एक निवृत्त शिक्षक. सगळे निवडून आलेले, आपल्याकडच्यासारखेच गावातले प्रतिष्ठित. फरक त्यांच्या कामात आहे. रोजचा कारभार व्यवस्थापन मंडळाकडे असतो, तिथे पगारी बँकर बसतात. एकच माणूस दोन्हीकडे बसू शकत नाही. सभासदांची रोजची कर्जं बेकरीवाले मंजूर करत नाहीत. त्यांचं मुख्य काम कर्जं मंजूर करणारी माणसं निवडणं, त्यांना प्रश्न विचारणं आणि वेळ आली तर त्यांना दूर करणं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या व्यवस्थापन मंडळातला एकजण निवृत्त व्हायचा होता. अध्यक्षबाईंनी दीड वर्ष आधी सभेत ते सांगितलं. जाहिरात निघाली, एका नेमणूक सल्लागार संस्थेला शोधाचं काम दिलं. शेवटी बँकेतला वीस वर्षांचा जुना विभागप्रमुख आणि बाहेरची एक उमेदवार असे दोघेच उरले. निवड बाहेरच्या बाईंची झाली. पुढच्या सभेत अध्यक्षबाई उभ्या राहिल्या आणि का, ते दहा मिनिटं समजावून सांगितलं: येत्या काळात थकीत कर्जं सावरणं हेच मोठं काम असणार, आणि त्यातला अनुभव कुणाकडे जास्त आहे. कोणाचं नाव खाली न पाडता. पाठीमागे बसलेल्या एका शेतकऱ्याने पगार विचारला, त्यालाही सरळ उत्तर मिळालं. मी तिथे बसून आपल्याकडची वार्षिक सभा आठवत होतो. विषयपत्रिका वाचून होईपर्यंत "मंजूर, मंजूर" सुरू होतं, आणि पाच मिनिटांत सगळे नाश्त्याच्या रांगेत.

या बेकरीवाल्यांना कायद्याचाही आधार आहे. बँकेला किमान दोन व्यवस्थापक हवेत, एकट्याच्या सहीने काही चालू नये म्हणून. इथे त्याला चार डोळ्यांचं तत्त्व म्हणतात. व्यवस्थापक नेमायचा तर वित्तीय नियामक बाफिनला कळवावं लागतं. साधारण तेवढ्याच आकाराच्या बँकेत तीन वर्षं वरच्या जागेवर काम केलेलं असेल तर तो लायक धरला जातो. बँकेतल्या पदाधिकाऱ्यालाच कर्ज द्यायचं असेल तर सगळ्या व्यवस्थापकांचं एकमत आणि देखरेख मंडळाची संमती दोन्ही लागतात. आणि प्रत्येक सहकारी संस्थेला एका लेखापरीक्षण संघाचं सभासद असावंच लागतं. त्या संघाचे लोक हिशेब तर तपासतातच, कारभार कसा चाललाय तेही तपासतात.

इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. थुरिंगिया राज्यातल्या बाड झाल्झुंगेन-श्माल्काल्डेनच्या सहकारी बँकेने आपला जिल्हा सोडून देशभर मोठी कर्जं दिली, फुटबॉल क्लबांनाही दिली, आणि शेवटी सहकारी बँकांच्या सामायिक संरक्षण निधीला तिला सावरावं लागलं. तिथेही देखरेख मंडळ होतंच. कायदा तोच, कागद तेच, तरी प्रश्न वेळेवर विचारले गेले नाहीत. पगारी बँकरला रोज बारा तास आकड्यांमध्ये काढायचे असतात आणि सुतारकाम करणाऱ्या बाईंना महिन्यातून एक संध्याकाळ, ही तफावत कोणत्याही कायद्याने मिटत नाही. ठेवीदारांचे पैसे मात्र तिथे बुडाले नाहीत, कारण तो निधी १९३४ पासून सगळ्या बँका मिळून भरतात.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातल्यावर २०१९ च्या २४ सप्टेंबरला पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेचे ठेवीदार मुंबईत शाखांसमोर उभे होते, खात्यातून एक हजार रुपये काढायची परवानगी घेऊन. एका बांधकाम समूहाकडे बँकेची सत्तर टक्क्यांहून जास्त कर्जं होती आणि ती लपवायला एकवीस हजारांवर बनावट खाती होती. बँकेचे अध्यक्ष पूर्वी त्याच समूहाच्या कंपनीत संचालक होते. अशा ठिकाणी संचालक मंडळ कारभार बघणारं आहे की करणारं, हा प्रश्न उरतच नाही.

रिझर्व्ह बँकेने त्यानंतर पुष्कळ केलं. शंभर कोटी किंवा त्याहून जास्त ठेवी असलेल्या नागरी बँकांना संचालक मंडळाच्या जोडीला जाणकारांचं व्यवस्थापन मंडळ सक्तीचं केलं. जून २०२१ मध्ये व्यवस्थापकीय संचालकाचे, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे, निकष ठरवले: वय पस्तीस ते सत्तर, बँकिंगचा ठरावीक अनुभव, खासदार-आमदार आणि नगरसेवक बाद. हे सगळं चांगलंच झालं. पण रिझर्व्ह बँक अपात्र माणूस अडवू शकते; योग्य माणूस शोधून आणणं तिच्या हातात नाही. ते काम संचालकांचंच. आणि तिथे काय होतं ते आमच्या गावच्या बँकेत मी पाहिलंय. एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, अध्यक्षांच्या ओळखीचे, एक-एक वर्षाच्या मुदतवाढीवर. माणूस सज्जन होता. पण दर मार्चमध्ये ज्याची नोकरी अध्यक्षांच्या सहीवर अवलंबून आहे, तो अध्यक्षांच्या मेहुण्याच्या कर्जप्रस्तावावर "नाही" कसं लिहील? मला त्या गृहस्थांचा राग येत नाही. राग येतो तो त्याला अशा जागी बसवून हातपाय बांधणाऱ्यांचा.

महाराष्ट्राला हे सुचलंच नव्हतं असं नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं. प्रवरानगरचा साखर कारखाना उभा राहिला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील स्वतः उपाध्यक्ष राहिले आणि अध्यक्षपदी पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ बसले. शेतकऱ्यांची ताकद शेतकऱ्यांपाशीच राहिली, खुर्चीवर मात्र त्या कामाचा जाणकार बसला. ही निवड कोणत्याही सल्लागार संस्थेने केली नव्हती. त्याच भागातल्या लोणीच्या शेतकऱ्यांनी केली होती. म्हणून "निवडून आलेले की व्यावसायिक" हा वाद मला मुळातच चुकीचा वाटतो. निवडून आलेल्याला जाणकार माणूस ओळखता येतो. त्याची इच्छा असावी लागते, आणि त्या माणसाला "नाही" म्हणण्याइतकी मुदत आणि पगार द्यायची तयारी लागते.

आतेभावाला मी एवढंच सांगितलं: निवडून आलास तर कर्ज समितीवर जाण्यासाठी भांडू नकोस. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या नेमणुकीचा विषय काढ. जाहिरात द्या, वर्षभर आधी द्या, करार पाच वर्षांचा करा, आणि का निवडलं ते सभेत उभं राहून सांगा. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पॅनेलप्रमुखांना आवडणार नाही." मी म्हटलं, नाहीच आवडणार.

रविवारी त्याचा मेसेज आला. इथल्या जर्मन बँकेने तेव्हा दिलेली जाहिरात मराठीत करून पाठव म्हणाला. शिवाय आत्याने विचारलंय, त्या नवीन बाईंना पगार किती आहे.