पंधरा नग

गेल्या रविवारी मला गोल्फमध्ये चार स्ट्रोकची, म्हणजे फटक्यांची, पेनल्टी बसली. आज गुरुवार. अजूनही जेवता जेवता घास हातात धरून मी मध्येच "चार!" म्हणतो आणि बायको ताटात आणखी एक पोळी वाढते.

नाशकात गोल्फ खेळणाऱ्याचं दुःख कुणाला कळत नाही. 'गोल्फ क्लबवर जातो' असं म्हणायचीसुद्धा सोय नाही. आपल्याकडे गोल्फ क्लब म्हणजे त्र्यंबक रोडचं हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने होतात, सकाळी ट्रॅकवर अर्धं नाशिक आपापली पोटं घेऊन फिरतं, गोल्फ तेवढा नसतो. लोक विचारतात, "किती राउंड मारता?" मी खरं ते सांगतो, "एक." मग ते माझ्या पोटाकडे बघतात.

तर माझ्या बॅगेत दोन पटर, म्हणजे बॉल होलमध्ये ढकलायचे दांडे, असतात. एक जुना, ब्लेडचा, फुटपट्टीसारखा. दुसरा मॅलेट, म्हणजे दांड्याच्या टोकाला इस्त्रीचं पिल्लू लावल्यासारखा. लांबचा पट (पटरचा फटका) असला की मॅलेट, कारण डोकं जड, मनगट थरथरलं तरी तोंड फिरत नाही. चार फुटांच्या आत ब्लेड, कारण माझा हात त्याला ओळखतो. यावर लोक हसतात. पण हिशोब बघा. पार ७२चं मैदान म्हणजे अठरा होल ७२ फटक्यांत संपवायचे. त्यात दर होलला दोन पट धरलेले असतात, म्हणजे ७२पैकी ३६. निम्मं काम एकटा पटर करतो आणि उरलेल्या निम्म्यासाठी तेरा दांडे बॅगेत ऐसपैस बसलेले असतात. कारखान्यात असं असतं तर युनियननं गेटवर मंडप घातला असता. आमच्या घरी पोळीचं लाटणं वेगळं आणि पापडाचं वेगळं आहे. त्यावरून आजवर कुणी चौकशी लावलेली नाही.

नियम एवढाच की बॅगेत १४च्या वर दांडे नकोत. त्यात पटर किती, याबद्दल नियम चकार शब्द काढत नाही. चौदाच्या चौदा पटर नेलेत तरी चालतं, फक्त पहिल्याच होलवर अंधार पडेल. मॅलेट नवा घेतलेला, साडेअकरा हजारांचा (घरी सांगताना साडेचार). तो आत घालताना थ्री आयर्न, म्हणजे लांबच्या फटक्याचा लोखंडी दांडा, बाहेर काढायचं ठरवलं होतं. शनिवारी रात्री काढणारच होतो, तेवढ्यात वर्कशॉपमधून फोन आला की कॉम्प्रेसर बंद पडलाय.

रविवारी आमच्या चौकडीतल्या डेंटिस्टनं सासऱ्यांना बरोबर आणलं होतं. मोकळी हवा म्हणून. पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर माकडटोपी, हाताला थर्मास. पहिले दोन होल काका गप्प चालले. तिसऱ्याच्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, मी आधी ब्लेड काढला, अंतर बघितलं, ब्लेड ठेवून मॅलेट काढला आणि वाकलो.

"आत्ता तो बारका होता ना हातात?"

"काका, दोन पटर आहेत."

"दोन नग? एकाच कामाला?"

नग हा शब्द कानावर पडला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. काका सातपूरच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं स्टोअरकीपर होते, हे मला नंतर कळलं.

"एक स्पेअर आहे का?"

"नाही, दोन्ही चालू आहेत."

"बिन कार्ड?" म्हणजे स्टोअरमधल्या मालाच्या नोंदीचं कार्ड.

मी बारा फुटांचा पट मारला, तो होलला वळसा घालून चार फूट पुढे गेला. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. थर्मास गवतावर ठेवून ते माझ्या बॅगेपाशी उकिडवे बसले होते.

"हे लोखंड शेवटचं इश्यू कधी झालं?"

थ्री आयर्न. त्याच्या डोक्यावर दुकानातला प्लॅस्टिकचा कागद अजून चिकटलेला होता.

"लागतो कधीकधी."

"कधी?"

मी मनापासून आठवायचा प्रयत्न केला. "दोन पावसाळे झाले असतील."

"नॉन-मूव्हिंग," काका म्हणाले आणि त्यांनी तो दोन इंच वर ओढून ठेवला, तहसीलदारानं फाईल बाजूला काढावी तसा. मग प्रत्येक दांड्याच्या डोक्यावर बोट ठेवत मोजणी सुरू केली. माणूस मूळचा निफाडकडचा, त्यामुळे पहिल्या दांड्याला 'एक' नाही म्हणाले, 'लाभ' म्हणाले. लाभ, दोन, तीन… खळ्यावर बाजरी मोजावी तशी. शेवटी माझ्या हातातल्या मॅलेटलाही बोट लावलं.

"बुक बॅलन्स किती?"

"चौदा."

"फिजिकल पंधरा."

हे ते हळू म्हणाले असते तर आज मी हे लिहीत बसलो नसतो. पण स्टोअरमध्ये आकडा मोठ्यानंच सांगायचा असतो, पलीकडचा लिहून घेतो म्हणे. मागच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, थांबलेल्या चौघांनीही तो ऐकला. काकांचा चेहरा मात्र उजळला होता. त्यांनी माझा हात हातात घेतला. "एक्सेस आहे हो! शॉर्टेज निघालं असतं तर पगारातून कापलं असतं. अभिनंदन."

डेंटिस्टनं खिशातून मोबाईल काढला. जास्तीच्या दांड्याबद्दल दर होलला दोन स्ट्रोक, जास्तीत जास्त चार, हा नियम त्यानं मला सावकाश वाचून दाखवला. रूट कॅनॉलचं इस्टिमेट देतो त्याच आवाजात. हाच माणूस दुसऱ्या होलवर बाभळीत बॉल शोधत होता. २०१९पासून शोधायला तीन मिनिटं मिळतात. हा तेवढ्या वेळात नुसता चष्मा पुसतो. त्याची मिनिटं कोण मोजतं? आम्ही शिष्टाचार म्हणून दुसरीकडे बघतो. ते १४चं बंधन तरी कुठलं? १९३८मध्ये अमेरिकेत आलं, कारण तिथले मोठे खेळाडू पंचवीस-तीस दांडे घेऊन फिरायचे आणि वाहणाऱ्या कॅडीची पाठ मोडायची. माझी बॅग ट्रॉलीवर असते आणि ट्रॉली मीच ओढतो.

२००१च्या ब्रिटिश ओपनमध्ये वेल्सचा गोल्फपटू इयन वूस्नम याचं हेच झालं. शेवटचा दिवस, आघाडीत बरोबरी, आणि दुसऱ्या टीवर कॅडी सांगतो, बॅगेत पंधरा आहेत, ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचे दांडे, दोन राहिलेत. दोन स्ट्रोक गेले. त्यानं जास्तीचा ड्रायव्हर झुडपात भिरकावला. ती सोय मला नव्हती, साडेअकरा हजार दिलेले होते. शिवाय त्याला निदान स्वतःच्या पगारी माणसानं पकडलं.

खरा मूर्खपणा पुढेच झाला. कुठला दांडा बाद करायचा हे नियमानं खेळाडूच ठरवतो. कुणीही शहाणा माणूस थ्री आयर्न देईल, तो दोन इंच वर ओढून तयारही होता. पण डेंटिस्ट म्हणाला, "दे ना तो एक्स्ट्रा पटर," मागचे चौघे हसले, आणि माझं डोकं फिरलं. "घ्या! हा घ्या!" म्हणून हातात होतं ते मी काकांच्या हातात कोंबलं. हातात मॅलेट होता. एकदा बाद केलेला दांडा त्या राउंडमध्ये परत वापरता येत नाही, वापरला तर थेट डिसक्वालिफाय. दांडा दुसऱ्याकडे सोपवणं ही बाद करण्याची नियमात मान्य असलेली पद्धत आहे. म्हणजे ते संतापणंसुद्धा कायदेशीर ठरलं.

काकांनी मॅलेट उलटा धरला, डोकं मुठीत, आणि जमिनीला टेकवून बघितला. "उंचीला बरोबर आहे," म्हणाले. उरलेले सहा होल ते टेकत टेकत चालले. आमचं मैदान नऊ होलचं, दोनदा खेळायचं. दुसऱ्या फेरीला ते लिंबाखाली बसले. मी ब्लेडनं लांबचे पट मारत राहिलो. ते कुठे गेले हे सांगत नाही. तीन स्ट्रोकनं हरलो. पेनल्टी चार. वजाबाकी येते सगळ्यांना. बक्षिसाचा हॉटपॉटचा सेट डेंटिस्टला मिळाला.

कार्ड सही करून आलो तर लिंबाखाली कुणी नाही. काकांना त्यांचा मुलगा घेऊन गेला होता, दांड्यासकट. सोमवारी फोन केला.

"आहे ना, सुरक्षित आहे. पण माझ्याकडे इन्वर्ड झालाय, असा तोंडी कसा देणार? लेखी आणा."

"काका, माझाच आहे तो."

"बिल आहे का?"

बिल आहे. त्यावर साडेअकरा हजार लिहिलेत, आणि ते बायकोच्या कपाटात माझ्या इन्शुरन्सच्या फाईलमध्ये आहे. मी म्हटलं, बघतो.

काल सकाळी साडूंचा फोन आला. ते रोज मैदानावर चार राउंड मारतात. म्हणाले, "अरे, गोल्फ क्लबवर एक म्हातारा फिरतो, माकडटोपीवाला. कुत्री हाकायला हातात चक्क गोल्फची काठी घेतो! तुला म्हणून सांगितलं, तुला आवड आहे ना."

"डोकं कसं आहे काठीचं?" मी विचारलं.

"इस्त्रीसारखं."

बायकोनं पोळी वाढली.